फौजी घराची न झालेली बदली

मी तिला पहिल्यांदा पाहिलं ते माझ्याच खिडकीत. दुपारी डोळा लागत होता, तेवढ्यात गजांपलीकडे एक हात दिसला. हातात शिंप्याची टेप. कोणीतरी बाहेरून माझ्या खिडकीची उंची मोजत होतं.

"माफ करा हं," हाताची मालकीण म्हणाली. "आम्ही शेजारी राहायला आलोय. घराची किल्ली अजून यायचीय. खिडक्या सगळ्या सारख्याच दिसल्या, म्हटलं तोवर तुमची मोजून घ्यावी. पडद्यांची दुमड उसवायला बसते."

मागे रस्त्यावर ट्रक उभा होता. खाली उतरवलेल्या काळ्या ट्रंकांपैकी एकीवर तिची मुलगी पुस्तक वाचत बसली होती, जणू बसस्टॉपवर बसलीय. ट्रंकांवर पांढऱ्या रंगात जुने पत्ते लिहिलेले होते आणि काळ्या रंगानं पुसलेले होते.

मी चाळीस वर्षं शाळेत शिकवलं. नवीन माणूस दिसलं की त्याला चार गोष्टी सांगितल्याशिवाय मला चैन पडत नाही. नळाला पाणी कधी येतं, भाजी कोणाकडून घ्यावी, कोणता डॉक्टर उगाच इंजेक्शन देतो, असा सगळा धडा तयार करून मी संध्याकाळी तिच्या दारात गेले. तिनं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाली, "आणि बाई, गल्लीच्या तोंडाशी जो इस्त्रीवाला आहे ना, तो बटणं तोडतो. ट्रकवाल्यानं सांगितलं." हे मला ठाऊक नव्हतं. माझी बटणं कुठे जातात याचा उलगडा त्या दिवशी झाला.

तिचे यजमान लष्करात. ती त्यांना 'आमचे साहेब' म्हणे, पण असं, की साहेबानं ऐकलं तर त्याला आपल्या हुद्द्याबद्दल शंका यावी. इमारतीनं तिचं नाव 'फौजीण' ठेवलं. तिला ते कळलं तेव्हा म्हणाली, "चला, इथे लवकर बारसं झालं. मागच्या गावात निघेपर्यंत 'त्या नवीन बाई'च होते."

तिच्या घरात फर्निचर असं नव्हतंच. ट्रंका भिंतीला लावून वर गाद्या टाकल्या की सोफा. दोन एकावर एक ठेवल्या की टेबल. गप्पा रंगात आल्या असताना ती म्हणे, "बाई, जरा उठता? तुमच्या खाली पांघरुणं आहेत." एकदा माझ्याबरोबर वरच्या मजल्यावरचे निवृत्त बँकवाले आले होते. त्यांना तिनं तीन वेळा उठवलं. त्यांच्या खाली कपबशा होत्या.

"मला खुर्ची घ्यावीशी वाटते हो," ती म्हणायची, "पण तिला झाकण नसतं. आत काय भरणार?"

प्रत्येक गावात ती काहीतरी काम धरायची. कुठे दुकानात हिशेब, कुठे शिवणाचा वर्ग, कुठे शाळेच्या ऑफिसात टायपिंग. "मी सगळीकडे होतकरू असते," ती सांगे. "होतकरू असतानाच आमचा ट्रक लागतो."

आमच्या गावात तिला मोठ्या इस्पितळाच्या शिलाईखात्यात काम मिळालं. तळघरात लांबलचक खोली, ओळीनं मशिनी. डॉक्टरांचे हिरवे गाउन, हात गळ्यात बांधायच्या झोळ्या, आणि चादरींचे ढीग. फाटक्या चादरीच्या उशांच्या खोळी करायच्या, खोळी विरल्या की पुसणी. आयुष्यभर कापडाला दुमड घालणारी बाई, तिथे ती पाण्यातल्या माशासारखी रमली. तिसऱ्या वर्षी खात्याच्या प्रमुख बाई निवृत्त व्हायच्या होत्या आणि त्यांनी हिचं नाव पुढे केलं.

हे मला सांगताना ती हसत होती, पण हातातला चहा तसाच निवला होता. "माझ्यासाठी खुर्ची येणार म्हणे, बाई. फिरती. ट्रंक नाही, खुर्ची."

मग शाळांना सुट्ट्या लागल्या. समोरच्या इमारतीतल्या दुसऱ्या एका फौजी घरापुढे ट्रक उभा राहिला. साहेब तेव्हा सरावासाठी लांब कुठेतरी गेले होते. त्यांचा धड ऐकू न येणारा फोन आला. "एक गोष्ट सांगायचीय. फोनवर नको, घरी आल्यावर सांगतो."

लग्न झाल्यापासून हे वाक्य त्यांनी फक्त बदलीच्या वेळी उच्चारलं होतं. तिनं पुढे काही विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी इस्पितळात राजीनामा दिला. खातं अडू नये म्हणून प्रमुखपदासाठी आपल्या जागी एक चष्मेवाली बाई सुचवली आणि आठवडाभर तिला सगळं शिकवलं. मुलीचा शाळा सोडल्याचा दाखला आणला. मुलीनं तो वाचून पुस्तकात ठेवला. "माझं पण सगळं अर्धंच राहतं," एवढंच म्हणाली.

मी काय केलं? निरोपसमारंभ. इमारतीच्या गच्चीवर सगळ्यांना चहा देऊन मी उभी राहिले आणि भाषण केलं. 'वाहतं पाणी', 'निर्मळ', असे शब्द त्यात होते. बोलता बोलता मीच डोळे पुसायला थांबले. बँकवाले टाळ्या वाजवून मोकळे झाले. त्यांना वाटलं, संपलं.

साहेब घरी आले तेव्हा मी तिथेच होते, कपबशा कागदात गुंडाळत. ते दारातच थांबले. भिंती उघड्या, पडदे उतरलेले, ट्रंकांना कुलुपं.

"कुठे निघालात?" त्यांनी विचारलं.

"तुम्ही न्याल तिकडे."

"मी कुठेच निघालेलो नाही."

मग त्यांनी टोपी काढली आणि बसायला जागा शोधू लागले. मुलीचं शाळेचं शेवटचं वर्ष इथेच व्हावं म्हणून त्यांनी बदली पुढे ढकलायला अर्ज केला होता. तो मंजूर झाला होता. ही आनंदाची बातमी त्यांना समोरासमोर द्यायची होती.

"निदान आवाज तरी आनंदी काढायचा," ती म्हणाली.

"आनंदीच होता."

"मला कसं कळणार? तुमच्या आनंदाची मला सवय नाही." आणि ती ट्रंकेवर बसून हसायला लागली. हसता हसता थांबली, आणि मग बराच वेळ पदरानं नाक पुसत राहिली. मुलगी मात्र केव्हाच मैत्रिणीकडे पळाली होती.

शाळेचं मी निस्तरलं. मुख्याध्यापक माझा जुना विद्यार्थी, आणि मला तो अजून घाबरतो. इस्पितळाचं काय करायचं, हा प्रश्न होता. प्रमुख म्हणून चष्मेवालीची नेमणूक होऊन गेली होती.

"मी येते तुझ्याबरोबर, समजावून सांगते," मी म्हटलं.

"नको. तुम्ही भाषण कराल."

"मग तू जा तरी."

"तेच तर जमत नाही, बाई. गाव सोडायचं कसं, हे मी झोपेत सांगीन. सोडलेल्या जागी परत तोंड कसं दाखवतात, ते मला माहीतच नाही. कधी वेळच आली नाही." मग म्हणाली, "खात्यातल्या सगळ्यांनी मला रुमाल भेट दिलेत. ते परत करायचे का?"

साहेब म्हणाले, "चूक माझी आहे, मी येऊन सांगतो."

"तुम्ही काही सांगू नका. तुम्ही सांगितलं की लोक सामान बांधतात."

दोन दिवस ती घरातच होती. पडदे परत लावले, ट्रंका परत सोफा झाल्या. तिसऱ्या दिवशी सकाळी डबा घेऊन निघाली. पुढचं तिनंच संध्याकाळी सांगितलं. तिला बघून अख्ख्या खोलीच्या मशिनी थांबल्या. चष्मेवाली खुर्चीतून ताडकन उठली. "ताई, ही जागा तुमची. तुम्ही बसा, मी वर जाऊन बोलते."

"आणि तू?" मी विचारलं.

"बसून पाहिलं. एकच गिरकी घेतली. मग उठले. तिच्या घरी दोन लहान मुलं आहेत, बाई, आणि तिनं काही चुकीचं केलेलं नाही. वर मीच तिला इतकं नीट शिकवून ठेवलंय, की काढायला कारणही सापडायचं नाही. तुमची संगत, दुसरं काय." मशीनवरची जागा मात्र तिनं मागून घेतली. नव्यानं लागल्यासारखी, सगळ्यांत कमी पगारावर.

मुलगी शाळेची शेवटची परीक्षा पास झाली आणि साहेबांची बदली खरोखरच झाली. या वेळी त्यांनी फोनवरच सांगितलं. तिनं त्यांची एक ट्रंक भरून दिली, स्टेशनवर पोचवून आली आणि दुपारच्या पाळीला हजर झाली.

साहेब सुट्टीला येतात तेव्हा तिच्याकडे राहतात. ती अजून शिलाईखात्यात आहे, मागच्या ओळीत, चष्मेवालीच्या हाताखाली, आणि गाउनांच्या नाड्या शिवते.