पिवळी चेन, सात इंच

आधी कबूल करा की हसणार नाही. बघा, आत्ताच हसताय! बरं, तो चहा तरी खाली ठेवा, नाहीतर नाकातून येईल.

मी कोरपन्याला शिवणाचा क्लास घेते, हे तुम्हाला ठाऊकच आहे. क्लासात माझा दरारा आहे. कुणी मुलगी पर्स शिवताना "मॅडम, चेन तिरपी गेली" म्हणाली की मी मशीन थांबवते. "चेन गळ्यात असते! पर्सला झिप असते! काय असते?" मग सगळ्या एका सुरात, "झिप!" आमच्याकडे अख्खा जिल्हा झिपला चेनच म्हणतो. पण मी एकटीनं जिल्हा सुधारायला घेतला होता ना!

एवढं ध्यानात ठेवा, पुढं लागणार आहे.

माझ्या मोठ्या जाऊबाई असतात मोहर्लीला, वाघांच्या जंगलाच्या दारातच. तिथं एका होमस्टेत पर्यटकांचा स्वयंपाक करतात. सकाळची सफारी परतली आणि जेवणं उरकली की भरतकाम घेऊन बसतात. हात असा की बघत राहावं! पण आमचं दोघींचं दोन वर्षं बिनसलेलं होतं. कारण सासूबाईंची सोन्याची चेन. सासूबाईंनी जाण्याआधी ती माझ्या हातात ठेवली. जाऊबाई एका शब्दानं बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर भांडून तरी मोकळ्या झालो असतो! त्या नुसत्या गप्प झाल्या. दिवाळीला फोन यायचा, तोही आमच्या ह्यांना. खरं सांगते, मला त्यांची फार आठवण यायची. पण आधी फोन कोण करणार? मी? छे!

यंदा त्यांच्या माधुरीचं साक्षगंध ठरलं, तुमचा साखरपुडा हो. आमचे हे मोहर्लीला जाऊन आले आणि माझ्यापुढं वीतभर कापड टाकलं. कापडावर वाघ भरलेला. पट्टे सुरेख, मिशा सुरेख, आणि डोळे थेट सासूबाईंचे! मी चटकन पदर सावरला.

"वहिनीनं देल्लं," हे म्हणाले. "अस्तर लावून लहानशी पर्स शिवाले सांगतली. जावयाची बोटातली मुंदी ठेवतो म्हणे त्याच्यात. अन् चेन टाकून आन म्हणे."

"काय टाकून?"

"चेन."

"कोणती चेन?"

"मले काय माहीत? तिनं चेन सांगतली, मी चेन सांगतली!"

दोन वर्षं गप्प बसून शेवटी मागितलीच! तीही पोरीच्या साक्षगंधाचं निमित्त करून, माझ्याच नवऱ्याच्या हाती निरोप धाडून! मी ह्यांना म्हटलं, "बघा, तुमच्या वहिनी!"

"मांगली तं देऊन टाक," हे म्हणाले आणि कारखान्याच्या ड्यूटीवर निघून गेले. नवरे असेच असतात. बॉम्ब टाकायचा आणि ड्यूटीवर जायचं.

मीच मग जीव मुठीत धरून फोन लावला. मोहर्लीच्या रेंजचं तुम्हाला माहीत आहे. वाघ दिसेल, पण रेंज दिसायची नाही. तरी लागला.

"बाई, ते चेनचं म्हणत होते हे. कोणती चेन?"

"कोणती म्हंजे? पिवळी!"

"पिवळी..."

"हो मंग. तुह्याजवळ आहे नं?"

"आहे."

"मले वाटलंच. नवी घेऊ नोको, जुनीच टाक. किती लांब आहे?"

"लांब? असेल वीसेक इंच."

"अवो मा! इतकी कायले? सात इंच पुरे. काप!"

"कापू?"

"मंग आखी टाकशीन का? काप, अन् दोन्ही टोकाले टाके मार, म्हंजे सुटनार नाई. उरली ते तुह्याजवळ ठेव."

मी म्हटलं, "बाई, सासूबाईंना काय वाटलं असतं?"

"सासूबाई असत्या तं त्याईनंच आपल्या हातानं कापून देल्ली असती! लय हिशोबी बाई होती."

रेंज गेली. मी फोन कानाला लावून तशीच बसले. समोर वाघ माझ्याकडे रोखून बघतोय! मला काही म्हणजे काही कळेना. चेन हवी, तर अख्खी का नको? सात इंचच का? हा काय न्याय? माधुरीला सात आणि मला तेरा?

तुम्ही विचाराल, बाई, तुला एवढंही कळलं नाही? नाही कळलं! दोन वर्षं ज्या गोष्टीवरून माणूस कुढतं, तीच त्याला सगळीकडे ऐकू येते.

दुसऱ्या दिवशी मी चेन घेऊन सोनाराकडे गेले. हो, खरंच गेले! म्हटलं, "भाऊ, ही सात इंच कापून द्या."

सोनारानं चष्मा वर केला. "सात इंच? बाई, गळ्याले तं पुरत नाई."

"आणि दोन्ही टोकांना टाके मारायचे आहेत."

"टाके कपड्याले मारतेत, बाई. सोन्याले आगीनं डाग देतेत. तुमची तब्येत बरी आहे नं?"

आता बघा, त्या भल्या माणसानं सगळं सरळ माझ्या हातात दिलं होतं. पण मी कसली ऐकते! त्यानं पक्कड उचलली आणि माझा जीवच कळवळला. चेन हिसकावून घरी आले. ठरवलं, कापायची नाही. द्यायची तर अख्खीच द्यायची. घ्या म्हणावं!

मग पर्स शिवायला बसले. घरात लाल झिप पडली होती, ती लावली. पर्स म्हटली की झिप आलीच, त्यात विचारायचं काय? वाघाचं कापड आणि अस्तर यांच्यामध्ये झिप धरायची, सुलट बाजूवर सुलट बाजू ठेवून चारी बाजू शिवायच्या, अस्तराला खाली चार बोटं जागा सोडायची आणि तिथून सगळं सुलटं करायचं. पण त्याआधी झिप अर्धी उघडून ठेवायची. हे मी क्लासात शंभरदा सांगते. त्या दिवशी मीच विसरले! वाघ आत कोंडला गेला, झिप बंद, आणि मी बाहेर बसून सुईनं तिचं टोक शोधतेय. अर्धी दुपार गेली त्याला बाहेर काढण्यात.

आणि मग मला वाटलं, मी काय हुशार आहे! कोरपना ते चंद्रपूर एक बस, तिथून मोहर्ली दुसरी. सोनं उघड कशाला न्यायचं? म्हणून चेन कागदात गुंडाळून अस्तराच्या त्या सोडलेल्या जागेतून आत सरकवली आणि जागा शिवून टाकली. पर्स उघडली तरी कुणाला दिसायची नाही.

साक्षगंधाच्या दिवशी मांडवात पोचलो. जाऊबाई नवऱ्या मुलाच्या आईशेजारी बसल्या होत्या. मी पर्स पुढं केली. त्यांनी ती उलटीपालटी पाहिली, वाघावर हात फिरवला आणि कपाळाला आठी घातली.

"अवो वंदने, चेन पिवळी सांगतली होती नं?"

"पिवळीच आहे."

"हे तं लाल दिसून राह्यली."

"लाल कुठं? आत आहे."

त्यांनी पर्स उघडून आत पाहिलं. "आत कुठी?"

"अस्तरात."

"अस्तरात चेन कोन लावते वो?"

सगळ्या बायका माझ्याकडे बघायला लागल्या. मुलाची आई तर सरकून बसली. माझं डोकंच फिरलं! एक तर घरातलं सोनं आणून द्यायचं, वर चारचौघांत शहाणपण ऐकायचं? पर्स ओढून घेतली, डोक्यातली पिन काढली, अस्तराची शिवण टराटरा उसवली आणि चेन बाहेर काढून त्यांच्या मांडीवर ठेवली.

"घ्या! न कापता आणली. अख्खी!"

बायकांनी माना उंच केल्या.

जाऊबाई चेनकडे बघतायत, माझ्याकडे बघतायत, पर्सकडे बघतायत. मग हळूच त्यांनी ती लाल झिप दोन बोटांत धरली आणि सर्रकन ओढली.

"वंदने," त्या म्हणाल्या, "मी हे चेन म्हनली होती वो."

अशी वेळ वैऱ्यावरही येऊ नये. माधुरी शेजारीच नटून बसलेली. आमचं बिनसण्याआधीच्या उन्हाळ्यात ती माझ्याच क्लासात होती. ती पुटपुटली, "काकू, चेन गळ्यात असते. पर्सले झिप असते."

जाऊबाई पदर तोंडात कोंबून हसायला लागल्या. हसता हसता त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्या कानाशी वाकून म्हणाल्या, "मी मांगली असं वाटलं तुले, अन् तू देऊन टाकत होती? आखी?"

"हो."

"येडी आहे तू." आणि माझा हात असा दाबला की बांगडी रुतली. मला रडूच आलं. दोन वर्षांचं सगळं तिथंच निघून गेलं.

त्या चेन उचलून माझ्याकडे परत करणार, एवढ्यात मुलाची आई आनंदानं ओरडली, "अवो मा! काकूनं पोरीले सोन्याची चेन आनली! पर्सच्या अस्तरात लपवून! कोनाले सुचलं नाई असं!" बायकांनी टाळ्या वाजवल्या. माधुरीनं मान पुढं केली.

मी जाऊबाईंकडे पाहिलं, जाऊबाईंनी माझ्याकडे. दोघींनी मिळून तिच्या गळ्यात घातली. आमचे हे लांबून मान हलवत होते, अगदी 'मी आधीच म्हटलं होतं' असं!

दिसली मात्र छान हो पोरीला. खोटं कशाला बोलू?

निघताना मुलाची आई ती पर्स हातात घेऊन माझ्यापाशी आली. म्हणाली, "बाई, सारं मस्त झालं. फक्त पर्सची चेन पिवळी टाकली असती नं, तं गळ्यातल्या चेनले मॅच झाली असती."

झिप! माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. पण मी मुकाट्यानं तोंडाची चेन लावून घेतली.