घोळीच्या कानातला खडा
ओल्या पॉलिश पेपरचा वास आला की मला थळहून एसटीने आलेले बाबा आठवतात. मी तेव्हा अलिबागला कॉलेजात प्राणिशास्त्र शिकत होते. बाबांच्या जाळ्यात मोठी घोळ मासळी लागली होती आणि तिचं डोकं ते माझ्यासाठी बर्फात घालून घेऊन आले होते. घोळीच्या कानांत दोन पांढरे खडे असतात. आमच्या कोळीवाड्यात ते सगळ्यांना ठाऊक, पण त्यांच्या आत कुणी कधी बघितलेलं नव्हतं. मी एक खडा काचपट्टीवर चिकटवला, पाणी सोडत सोडत पॉलिश पेपरवर आरपार दिसेपर्यंत घासला आणि सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला. सागाच्या ओंडक्यावर असतात तशी वलयं उमटली. "एक वलय म्हणजे एक वर्ष, बाबा," मी म्हटलं. बाबांनी डोळा लावला तो बराच वेळ काढलाच नाही. मग हळूच विचारलं, "आपला दादा गेला त्या सालचं कंचं?" माझा थोरला भाऊ होडी घेऊन गेला होता, तो परतलाच नव्हता. मी सुईचं टोक त्या वलयापाशी नेलं. ते बाकीच्यांसारखंच होतं, तितकंच नाजूक, तितकंच नितळ. "म्हंजे तवा ही व्हती पान्यात," बाबा पुटपुटले. मग त्यांनी न घासलेला दुसरा खडा उचलला, सदऱ्याला पुसला आणि डोळे मिटून स्वतःच्या कानाशी धरला. आता हे काम मी मुलांना शिकवते. जोडीतला एक खडा मात्र कुणाला घासू देत नाही.