न गळणारं झाकण

बाबली तारकर्लीचा. घरातले सगळे पुरुष समुद्रावर जाणारे, आणि याला समुद्र लागायचा. होडी किनाऱ्यापासून जरा आत गेली की हा काठावर ओणवा. बापाने दोन हंगाम वाट पाहिली आणि त्याला बेळगावला, लाकडाची लॉरी चालवणाऱ्या एका नातेवाइकाकडे धाडून दिलं. तिथे तो आधी गाडी धुवायला शिकला, मग चालवायला, मग उघडून पुन्हा जोडायला. मालवणला परतला तो ड्रायव्हर होऊनच.

मालवणच्या बाजारात भाईंचं काथ्या-काजूचं दुकान होतं. त्यांनी युद्धाच्या आधीची एक अमेरिकन मोटार घेतली होती आणि ती मालवण ते कसाल भाड्याने फिरवत. पुढे दोघे, मागे बसतील तेवढे, टपावर सामान. बाबलीला त्यांनी ठेवून घेतलं आणि काही वर्षं दोघांचं बरं चाललं. बरं म्हणजे भाई ओरडत आणि बाबली ऐकून घेई. गाडीच्या बाबतीत मात्र भाई त्याच्या शब्दाबाहेर जात नसत.

सत्तावन्न साली पाऊस संपता संपता पेट्रोलच्या टाकीचं झाकण रस्त्यात कुठेतरी पडलं. तसलं दुसरं मुंबईलाही मिळेना. बाबलीने चिंध्यांचा बोळा कोंबला. गाडी ठीक चाले, पण खड्ड्यात पेट्रोल उसळे, मागे बसलेल्यांना वास लागे आणि कट्टा गाव येईपर्यंत एखादा तरी ओकत असे. बाबलीला ते बघवेना. तो तोंडवलीला मेव्हण्याकडे गेला.

मेव्हणा गुरुदास मेस्त होड्या बांधणारा. फळ्यांच्या सांध्यात कापूस ठोकून बसवावा तर त्यानेच, असं नावाजलेलं काम. त्याने टाकीच्या तोंडाचं माप घेतलं आणि जुन्या सागवानाचं एक बूच कातून दिलं. वर धरायला मूठ, आणि कडेला पिळलेल्या सुताचे घट्ट वेढे. बसवल्यावर मोटार समुद्रात बुडवली तरी टाकीत पाणी जाणार नाही, असं तो म्हणाला. ते खरंच होतं. पेट्रोलचा वास त्याच दिवशी बंद झाला.

दोन आठवड्यांनी गाडी रस्त्यात बंद पडू लागली.

आधी कुंभारमाठच्या पुढे, मग चौके गावाच्या अलीकडे. चालता चालता इंजिन दोन आचके देई आणि गप्प होई. बाबली उतरून प्लगची तार काढून बघे, ठिणगी स्वच्छ पडे. मग मागे जाऊन बूच काढी, काठी बुडवून पेट्रोल बघे, पुन्हा बूच ठोकून बसवी आणि हँडल मारी. गाडी सुरू होई. कधी दोन-तीन मैल, कधी सहा-सात मैल जाई आणि पुन्हा तेच. त्याने कार्ब्युरेटर सोडून धुतला, प्लग बदलले, पेट्रोल फडक्यातून गाळून घातलं. टाकी अर्धी असली की गाडी लांबवर जाई आणि काठोकाठ भरली की लवकर बंद पडे, हे त्याच्या ध्यानात आलं होतं. पण त्यातून त्याला काही उलगडेना. पेट्रोलने सूत फुगलं होतं, त्यामुळे बूच काढताना ते आता जोर लावल्याशिवाय सुटत नसे, आणि सुटताना लांब श्वास घेतल्यासारखा आवाज होई. तो आवाज त्याने कितीदा तरी ऐकला होता. मेव्हण्याचं काम चोख आहे, एवढंच त्याला त्यातून कळे. या किनाऱ्यावर एखादी वस्तू गळत नाही म्हणून तिच्यात खोट शोधायला कधी कुणी गेलं नव्हतं.

भाईंच्या कानावर येणाऱ्या गोष्टी वेगळ्या होत्या. गाडी रस्त्यात उभी असते आणि बाबली टाकी उघडून उभा असतो, असं एक-दोघांनी सांगितलं. टाकी भरून दिली की हमखास. भाईंनी हिशेब जुळवला आणि भर बाजारात, गाडीत माणसं बसलेली असताना, बोलून टाकलं.

“टाकी भरलेली आसली की तुझी गाडी आजारी पडता. अर्धी आसली की बरी आसता. माका काय कळणा नाय?”

“भाई, आवशीची आण. पेट्रोलाक मी हात लावूक नाय.”

“मगे टाकी कित्याक उघडतंस?”

“बघूक.”

“रोज काय बघतंस? आत मासे आसत?”

माणसं हसली. बाबली हसला नाही.  दुसऱ्या दिवशी भाई स्वतः गाडीत बसणार होते. त्या दिवशी गाडी थांबली तर बाबलीने पुन्हा कामावर येऊ नये, असं ठरलं. त्या रात्री तो जेवला नाही, असं त्याची बायको तुळसा पुढे सांगत असे. नोकरी दुसरी मिळाली असती. पेट्रोलचोर म्हणून काढलेल्या ड्रायव्हरला मालवणात गाडी कोण देणार होतं?

सकाळी भाईंनी आपल्या डोळ्यांसमोर टाकी भरून घेतली, बूच स्वतः दाबून बसवलं आणि पुढच्या सीटवर बसले. मागे चौघे होते. त्यातली रुक्मिणी कट्ट्याची, तिथे तिचं घासलेट-मिठाचं छोटं दुकान. गाडी आनंदव्हाळाच्या पुढे आली, दोन आचके दिले आणि थांबली.

बाबली सवयीने मागे निघाला.

“टाकीक हात लावूचो नाय,” भाई म्हणाले.

तो परत पुढे आला. ठिणगी बघितली. हँडल मारलं. पुन्हा मारलं. अंगातला सदरा भिजला, गाडी सुरू झाली नाही. आजवर ती थोड्या खटपटीने निघाली होती, त्या दिवशी हूं की चूं नाही. ऊन चढलं. माणसं उतरून काजूच्या झाडाखाली बसली.

रुक्मिणी म्हणाली, “अरे बाबली, रोज मागे जावन कायतरी करतंस, तां कर मरे.”

“तांच करूचां नाय,” भाई म्हणाले.

“मगे हयसरच बिऱ्हाड करूया. चूल मांडू काय?”

बाबलीने कार्ब्युरेटरला पेट्रोल आणणारी नळी सोडली. नळी कोरडी होती. त्याने ती भाईंना दाखवली. पेट्रोल पुढे येतच नव्हतं.

भाईंना हवं तेच मिळालं. “येतलां खंयसून? आसात तर येतलां. काल रात्रीच काढलंस.” सकाळी टाकी आपणच भरून घेतली होती हे रागाच्या भरात ते विसरले. विसरले नसतील तर बाबलीच्या हातचलाखीवर त्यांचा फार मोठा विश्वास होता. चोरी चौघांसमोर उघडी करायला ते तरातरा मागे गेले आणि त्यांनी बुचाची मूठ धरली.

बूच हलेना. त्यांनी टाकीला पाय लावला आणि दोन्ही हातांनी ओढलं. ते सुटलं तेव्हा टाकीने एवढी हवा आत ओढली की झाडाखालच्या माणसांनाही ऐकू गेलं. भाईंनी काठी बुडवली. काठी जवळजवळ टोकापर्यंत ओली निघाली. ते तिच्याकडे बघत राहिले.

बाबलीने नळी जोडली, हँडल मारलं. थोड्या खोकल्यानंतर इंजिन सुरू झालं.

“बाबलीन उघडल्यार सुरू होता, भाईंनी उघडल्यार सुरू होता,” रुक्मिणी गाडीत चढत म्हणाली. “घासलेटच्या डब्याक एकच भोक पाडल्यार घासलेट येता काय रे? थोडा येता नि थांबता. मी दोन पाडतंय. एक वाऱ्याक.”

बाबली हँडल हातात घेऊन तसाच उभा राहिला. मग त्याने बूच टाकीच्या तोंडावर नुसतं टेकवलं, दाबलं नाही. गाडी कसालपर्यंत थांबली नाही. परतताना भाईंना विचारून त्याने ते मुद्दाम ठोकून बसवलं. चौक्याला गाडी बंद पडली. सैल केलं, सुरू झाली. भाई त्या दिवशी संध्याकाळपर्यंत कुणावर ओरडले नाहीत.

तोंडवलीची भेट याहून अवघड गेली.

“गळता?” गुरुदासने विचारलं.

“गळणा नाय. तांच झालां. एक भोक होया.”

“माझ्या बापाशीन आणि मी जल्मभर भोकां बुजयली. तू माका भोक पाडूक सांगतंस?”

“बारीकसां.”

“होडी बारीकशा भोकानच बुडता. तुझ्या हातान पाड, माका दाखव नको.”

शेवटी ते भोक तुळसाने पाडलं. छत्रीची काडी चुलीत लाल करून तिने भावाच्या सागवानातून आरपार घातली.

बाबली त्यानंतर कामावर गेला नाही. तिसऱ्या दिवशी भाईंचा माणूस बोलवायला आला, तेव्हा बाबलीने निरोप दिला की जे बाजारात बोलले ते बाजारातच मागे घ्यावं. भाई माफी मागणाऱ्यांतले नव्हते. त्यांनी दुसरी वाट काढली. दुकानाच्या पायरीवर बसून ते येणाऱ्या-जाणाऱ्याला बोलावून गोष्ट सांगू लागले. गाडीचा दोष आपण कसा शोधून काढला, बेळगावात शिकलेल्या ड्रायव्हरला सुचलं नाही ते आपल्याला कसं सुचलं. रुक्मिणी त्या गोष्टीत नव्हती. एक-दोन महिन्यांनी गुरुदासही गोष्टीतून निघून गेला आणि बूच भाईंनीच बनवल्यासारखं झालं. गाडी चौसष्ट साली विकली, तरी गोष्ट चालूच होती.

गोष्ट सुरू झाली तसा बाबली कामावर परतला होता, आणि त्याने तिच्यात कधी दुरुस्ती केली नाही. सकाळची फेरी निघायच्या आधी तो पायरीच्या बाजूला उभा राही. भाई टाकीला पाय लावून बूच ओढण्यापर्यंत येत, काठी बुडवत, आणि थांबत.

“मगे?” कुणीतरी विचारी. “पेट्रोल होतां?”

“काठोकाठ,” भाई म्हणत. “एक थेंब कमी नाय.”

एवढं ऐकलं की बाबली गाडीकडे जाई आणि हँडल मारी.