उपासात गोळ्या बंद

इथे आखातात, जुमेरा लेक टॉवर्समधल्या आमच्या फॅमिली डॉक्टरच्या खोलीत अत्तराचा इतका घमघमाट असतो की मला मळमळतं. भिंतीवर वजन उतरवणाऱ्या इंजेक्शनची जाहिरात, टेबलावर खजुराची वाटी. डायबेटिसचा पेशंट समोर बसवून मध्ये खजूर ठेवणाऱ्याची अक्कल तिथेच ओळखायला हवी. पण माझ्याकडे राहणाऱ्या आईला तो फार आवडायचा. "किती गोड बोलतो," म्हणायची.

नवरात्राच्या तोंडावर तिने त्याला विचारलं, "डॉक्टरसाब, नौ दिन उपास है. शुगर की गोली का क्या करू?"

त्याने कॉम्प्युटरवरून नजरही काढली नाही. "फास्टिंग है ना आंटी? गोली बंद. खाली पेट शुगर गिर जाएगी. खलास."

"डॉक्टर, हमारे उपास में..." मी बोलायला लागले, तोवर त्याने पुढच्या पेशंटसाठी बेल दाबली होती. काय खाता, एवढा एक प्रश्न त्याला सुचला नाही.

घरी साबुदाण्याची खिचडी, रताळ्याचा कीस, बटाट्याची भाजी, वर राजगिऱ्याचे लाडू. एकादशी दुप्पट खाशी, आणि इथे तर नऊ दिवस. मी गोळ्यांची पट्टी पुढे केली की आई म्हणायची, "डॉक्टरला जास्त कळतं की तुला?" त्यात अनवाणी राहायचा नेम. ऊन उतरायच्या आतच ती खाली तळ्याकाठच्या तापलेल्या फरशांवर फेऱ्या मारायला जायची. चटका बसला तो तिला कळलाच नाही. डायबेटिसने तिच्या पायांची जाणीव केव्हाच गेली होती, आणि त्या गृहस्थाने पाय तपासायला तिला एकदाही चप्पल काढायला लावली नव्हती.

दसऱ्याला घरात वास येऊ लागला. मला वाटलं, कचऱ्याची पिशवी राहिली. मग आईच्या अंगठ्याखाली पाहिलं. पू, आणि काळी पडलेली कातडी. शिसारी आली, आणि स्वतःच्या आईची शिसारी येते याची जास्त आली. हॉस्पिटलमध्ये साखर मशीनच्याही वर गेलेली निघाली. अंगठा काढावा लागला.

पुढच्या ड्रेसिंगसाठी इन्शुरन्सला फॅमिली डॉक्टरची सही लागते, म्हणून पुन्हा त्याच अत्तरात जाऊन बसलो.

"फास्टिंग में शुगर इतनी कैसे चढ़ी?" त्याने विचारलं.

मी खिचडीपासून लाडवांपर्यंत सगळं सांगितलं.

"आप लोग फास्टिंग में खाते हैं?" असं म्हणून तो हसला. मनापासून हसला. त्याच्या टेबलावर थुंकावंसं वाटलं मला.

आईने मात्र पर्समधून पेढ्यांचा डबा काढला. "अगं, यांच्यामुळे माझे उपास पार पडले," ती मला म्हणाली, आणि बँडेजचा पाय सावरत डबा त्याच्यापुढे धरला.

त्याने तो तिथेच उघडला. "पहले आप, आंटी," म्हणत पहिला पेढा त्याने तिच्या हातावर ठेवला, आणि तिने तो प्रसादासारखा खाल्ला.