न प्यायलेली कॉफी

ज्या बाईंनी बहारीनमधलं अर्धं मुहर्रक स्वतःच्या हातांनी जगात आणलं, त्यांनी त्या गावात कुणाचा मुलाहिजा ठेवावा ही अपेक्षाच चुकीची होती. बाई म्हणजे आमच्या वरच्या मजल्यावरच्या स्कॉटिश सुईणबाई. ऐन पंचविशीत दोन वर्षांच्या करारावर बहारीनला आल्या आणि त्रेचाळीस वर्षं तिथेच राहिल्या. मी विमानतळावर सामानाच्या सरकत्या पट्ट्यांची दुरुस्ती करणारा, मूळचा भुसावळचा. बाईंच्या लेखी माझा उपयोग एकच, माझ्याकडे एसी चालणारी गाडी होती. "सोनवणे, तू आज मोकळा आहेस," असं त्या मला कळवायच्या. एकदा मी नको तिथे गाडी वळवली आणि पोलिसाने अडवलं. मी लायसन्स शोधतोय तोवर बाईंनी काच खाली केली, त्याच्या आईच्या गुडघ्यांची चौकशी केली आणि अगदी शांतपणे अरबीत काहीतरी सुनावलं. बिचाऱ्याचे कान लाल झाले आणि त्याने आम्हाला जाऊ दिलं. अर्थ मला पुढच्या सिग्नलला कळला. "म्हटलं, तू पायाळू होतास. तेव्हाही तू असंच सगळ्यांना ताटकळत ठेवलं होतंस."

अरबांच्या रीतिभाती बाई अरबांपेक्षा कडक पाळायच्या. कामाचं बोलण्याआधी घरच्यांची खुशाली विचारायची म्हणजे विचारायची. नळ दुरुस्त करायला मल्याळी प्लंबर आला की त्याची आई, बायको, भाऊ, भावाची नोकरी असं सगळं होईपर्यंत खाली ठेवलेली बादली भरून वाहायची आणि पाणी आमच्या छतातून टपकायचं. मला त्यांनी पहिल्यांदा एका अरबाघरी नेलं, तेव्हा "पुरे" म्हणायचं असेल तर कॉफीचा रिकामा कप हलवून परत द्यायचा, एवढं सांगायचं राहून गेलं. वाढलेलं टाकायचं नाही ही माझ्या आईची शिस्त, त्यामुळे ते वाढत गेले आणि मी पीत गेलो. सात कपांनंतर माझं काळीज असं धडधडायला लागलं की बाईंनी गाडीत माझी नाडी पाहिली. आमच्या बुद्धजयंतीच्या कार्यक्रमालाही त्या दरवर्षी न चुकता यायच्या. एका वर्षी प्रमुख पाहुणे तासभर बोलले, तेव्हा या उठल्या आणि भाषण चालू असतानाच मुलांना खीर वाढायला लागल्या. पाहुण्यांनाही एक वाटी नेऊन दिली, मग काय, भाषण संपलंच.

मग त्या कामाला होत्या ते क्लिनिक बंद झालं. गल्फमध्ये राहिलेल्याला पुढचं सांगावं लागत नाही, पण तुम्हाला सांगतो. तिथे राहण्याचा व्हिसा नोकरीला चिकटलेला असतो. नोकरी खलास की सामान बांधायचं. बाईंना दोन महिने मिळाले. स्कॉटलंडहून भाच्याने एका वृद्धाश्रमाचे फोटो पाठवले, समोर ही मोठी हिरवळ. "गवत बघायला जाऊ का मी तिकडे?" बाई म्हणाल्या आणि कामाला लागल्या. रोज सकाळी फाइल घेऊन एकेक ऑफिस. या वयाच्या बाईला कामावर घेणारं कुणी मिळेना. आमच्या सौ. हळूच म्हणाल्या, "अहो बाई, तिकडे तुमची माणसं आहेत ना?" त्यावर त्या म्हणाल्या, "भाचा मला आयुष्यात तीनदा भेटलाय. त्यातलं एकदा विमानतळावर. मी जाणार नाही." मला भीती वाटत होती, की ही बाई हट्टाने राहील आणि एक दिवस तिला विमानात बसवून देतील.

पंधरा दिवस उरले असताना एका शुक्रवारी दुपारी त्यांनी मला कळवलं, की मी मोकळा आहे. आम्ही मुहर्रकमधल्या एका वृद्ध हाजींकडे गेलो. त्यांची सातही मुलं बाईंच्या हातची. बैठकीच्या खोलीत हाजी आणि त्यांचे चार मुलगे बसले होते. रीतसर खुशाली झाली, नातवंडांपर्यंत. कॉफी आली. बाईंनी कप घेतला आणि समोर ठेवून दिला. तोंडाला लावलाच नाही. हळूहळू सगळे बोलायचे थांबले आणि त्या कपाकडे बघायला लागले. मला वाटलं, बाईंना बरं नाही, आणि यजमानांना अपमान वाटतोय. आईची शिस्त आठवली. मी तो कप उचलला आणि एका घोटात संपवला.

थोरल्या मुलाने छताकडे नजर लावली. बाई दातांवर दात दाबून मला इंग्रजीत म्हणाल्या, "सोनवणे, तो माझा अर्ज होता." मग थोरल्याकडून मला अरबांची ती जुनी रीत कळली. मोठं मागणं घेऊन आलेला पाहुणा कॉफी खाली ठेवतो, आणि यजमान हो म्हणेपर्यंत पीत नाही. कॉफी न पिता पाहुणा उठून गेला तर त्या घराची अब्रू गेली. आणि मी अर्ज पिऊन बसलो होतो. हाजींची दाढी हलत होती, हसू दाबत असावेत. त्यांनी दुसरा कप मागवला. बाईंनी तोही खाली ठेवला. मी दोन्ही हात मांडीखाली घालून बसलो.

"सांग," हाजी म्हणाले. पुढचं थोरला मुलगा मला इंग्रजीत सांगत होता. बाई म्हणाल्या, "मला इथेच राहायचंय आणि इथेच मरायचंय. मला तुमच्या नावाचा व्हिसा द्या." हाजी म्हणाले, "तुझं वय झालंय. आजारी पडलीस तर तुझं कोण करणार?" बाई म्हणाल्या, "सात मुलं दिलीत मी तुला. सातांना सात वार वाटून दे." म्हातारा डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसला आणि म्हणाला, "पी आता, गार झाली." बाई प्यायल्या. मुदत संपायच्या आत हाजींच्या घरच्या नोकरीवरचं व्हिसाचं कार्ड आलं, त्यावर काम लिहिलं होतं 'घरकाम'. ज्यांना अंडं उकडता येत नव्हतं त्या बाई ते कार्ड आल्यागेल्याला दाखवायच्या.

पुढच्या वर्षी माझा करार संपला. बाई खाली आल्या आणि म्हणाल्या, "कुणाच्या घरी जाऊन बसायचं ते ठरव. मी येते बरोबर." मी दोन दिवस विचार केला. बावीस वर्षं मी मुहर्रकमध्ये राहिलो, पण माझी ऊठबस आपल्या मराठी लोकांत. शेजारच्या अरबांशी जिन्यातला सलाम तेवढा, आणि त्यांच्या घरात पाऊल टाकलं ते बाईंचा ड्रायव्हर म्हणूनच. ज्याच्यासमोर कप खाली ठेवावा असं एकही घर मी जोडलं नव्हतं. तसं मी बाईंना सांगितलं. त्या काहीतरी सुनावतील असं वाटलं होतं, पण त्यांनी फक्त निघायची तारीख विचारली. निघायच्या दिवशी माझी जड बॅग त्यांनी उचलली, आणि मी नको नको म्हणत असताना दोन्ही हातांनी धरून जिन्यावरून खाली नेली.