खांबाला बांधलेली पिशवी

पेपरच्या पुरवणीवाल्यांचा निरोप आला, सदा मास्तरांवर चार शब्द लिहून द्या, तुमचे सख्खे मेहुणे होते. मी चौथीत शाळा सोडलेला माणूस. लिहितो, पण गोड लिहिणार नाही. गोड पाहिजे त्यांनी शोकसभेतली भाषणं आठवावीत. तिथे हार घालणाऱ्यांतल्या अर्ध्यांनी तो जिवंत असताना त्याला चहासुद्धा विचारला नव्हता.

बातमी आली तेव्हा मी एका ट्रॉलरच्या बुडाखाली होतो. खाडीच्या काठावर आमचा होडी दुरुस्तीचा कारखाना आहे, आज्यापासूनचा. होडी उतारावर ओढून घ्यायची, बुडाला चिकटलेले शिंपले आणि जुना रंग खरवडायचा, नवा तांबडा रंग मारायचा. वरून शेजारचा बाबली ओरडला, "अरे, सदा मास्तर गेलो! जेवान आडवो पडलो तो उठलोच नाय." आणि वर दात काढून म्हणतो, "तुझा गाऱ्हाणा लागला रे म्हाताऱ्या!" मी हातातला खरवडायचा पत्रा त्याच्या अंगावर फेकला. नेम चुकला, याचं मला अजून वाईट वाटतं.

सदा माझ्या बायकोचा धाकटा भाऊ. कॉलेजात शिकवून रिटायर झाला, गावात आला आणि शेवाळाच्या मागे लागला. आम्ही शेवाळ माडांच्या मुळात खत म्हणून घालतो, हा ते सुकवून, कुटून, पुड्या बांधून कॉलेजच्या लॅबमध्ये न्यायचा. म्हणायचा, मासा आज इथे, उद्या तिथे. शेवाळ बसल्या जागी राहतं, पाण्यात तांबं-शिसं असेल ते अंगात साठवून ठेवतं. बाटलीत भरलेलं पाणी त्या घटकेचं सांगतं, शेवाळ गेल्या कित्येक दिवसांचं सांगतं. हे सगळं माझ्या गिऱ्हाइकांसमोर, माझ्याच रंगाचा डबा हातात घेऊन. "भावोजी, ह्याच्यात तांबां आसा, म्हणान शिंपले मरतत."

"मगे काय साखर घालू?" मी म्हटलं. गिऱ्हाईक हसलं. तोही हसला... त्याचा मला जास्त राग आला.

कारखान्याला लागून खडक आहेत, त्यावर बायका कालवं फोडतात. ती खाऊ नका, असं हा सांगत सुटला. आमच्या हिने भावाचं ऐकलं आणि माझ्याच घरात माझ्याच खडकावरची कालवं शिजेनाशी झाली. मी स्वतः फोडून आणली, स्वतः शिजवली आणि त्याच्यासमोर बसून वाटी साफ केली. तो शांतपणे म्हणाला, "एका वाटयेन तुमी मरूचे नाय. उगाच मी खोटो पडतलंय." शेवाळात तांबं निघालं तर कारखाना खाडीवरून हलवा, असा अर्ज तो पंचायतीत देणार होता. म्हणजे आज्याची जागा सोडून मी म्हातारपणी कुठे रस्त्याकडेला होड्या रंगवायच्या?

म्हणून मी देवळात गाऱ्हाणं घालायला लावलं. गुरवाने नारळ हातात घेऊन सगळ्या गावासमोर म्हटलं, "जो कोण ह्या खाडयेबद्दल खोटा बोलत आसात, तेका तू उघडो पाड रे म्हाराजा!" गावाने "होय म्हाराजा" म्हटलं. सगळ्यांत मोठा आवाज कोणाचा? सदाचा. बाहेर पडताना चप्पल घालता घालता मला म्हणतो, "भावोजी, ता गाऱ्हाणा तुमकाय लागू आसा हां."

दुसऱ्याच ओहोटीला तो आला. आचऱ्याच्या पुढच्या उघड्या खडकावरचं स्वच्छ शेवाळ जाळीच्या पिशवीत भरून आणलं होतं. ती पिशवी माझ्या उताराच्या शेवटच्या खांबाला बांधली. इथलं पाणी पिऊन त्याचं काय होतं, बघायचं म्हणे. दर दोन-चार दिवसांनी पँट गुडघ्यापर्यंत दुमडून चिखलात उभा राहायचा, पिशवी हलवायचा आणि वर बघून ओरडायचा, "भावोजी, काम थांबवू नका हां!" मी मुद्दाम जोरात खरवडायचो.

आता तो गेला आणि गाव म्हणतं, देवाने निकाल दिला. कसला निकाल? मी देवाकडे त्याला उघडा पाड म्हटलं होतं, ने म्हटलं नव्हतं. चिखलात उभं राहून भांडणारा माणूस हृदय बंद पडून गेला, त्यात माझी जीत कुठली? मला त्याला चारचौघांत, जिवंतपणी खोटा पाडायचा होता. तेवढंही त्याने करू दिलं नाही.

पिशवी अजून तिथेच आहे. सदाची एक विद्यार्थिनी त्याच कॉलेजात शिकवते, ती पुढच्या उधाणाच्या ओहोटीला न्यायला येणार आहे. आमचा मुलगा मला म्हणाला, "बाबा, सोडून टाकूया ती पिशवी. वाहान गेली म्हणान सांगाया. नायतर ती न्हेयसर रंगाचा काम तरी बंद ठेवया."

"पिशयेक हात लावलंस तर हात मोडीन," मी म्हटलं. गाऱ्हाणं माझं. पिशवी सोडली तर खोटा कोण ठरला? काम बंद ठेवून शेवाळ साफ निघालं, तर तेही खोटंच. आणि तांबं निघालं, तर कारखाना हलवायचा की नाही ते मी गावासमोर उभा राहून बोलेन. बाबलीने मध्ये पडू नये.

काल ओहोटीला बघितलं. पिशवी खांबाला लोंबकळत होती, शेवाळ काळपट पडलेलं. चिखलात कोणी नव्हतं. मी पत्रा उचलला आणि ट्रॉलरच्या बुडाला लागलो, रोजच्यासारखा, जोरात.

काम थांबूक नाय रे, सदा.