दादाचा जबाब

तो बसड्रायव्हर होता आणि अख्खं गाव त्याला गमत्या म्हणायचं. थट्टा केल्याशिवाय त्याच्या घशाखाली घास उतरत नसे. घाबरला की तर त्याला जास्तच हसू यायचं. थोरला भाऊ सुतार, शेजारच्याच घरात राहणारा.

एके दिवशी बंदूकवाल्यांनी भर स्टँडवरून त्याची बस ताब्यात घेतली. धरपकड केलेली कॉलेजची पोरं आत कोंबली आणि छावणीकडे घे म्हणाले. चढावर त्यानं मुद्दाम गाडी बंद पाडली. बसमधला बंदूकवाला पुढे चाललेल्या जीपमधल्या साथीदारांशी बोलायला उतरला, तेवढ्यात यानं मागचं दार उघडून दिलं. पोरं झाडीत पसार झाली. त्यांच्यामागे हाही.

बंदूकवाले त्याला शोधत घरी आले तेव्हा हा सापडला नाही, दादा सापडला. त्यांनी त्याचा उजवा हात मोडला.

गमत्या कसाबसा दुसऱ्या देशात पोचला, आश्रय मागितला. मुलाखत घेणारी अधिकारी बाई सभ्य होती. मध्ये दुभाषी.

"तुम्हाला स्वतःला कुणी मारलं का?"

"नाही."

"मग परत गेलात तर मारतील, हे कशावरून?"

"मी घरी नव्हतो म्हणून दादाला मारलं," तो म्हणाला, आणि त्याला हसू फुटलं. बाईनं मान खाली घालून काहीतरी लिहिलं.

बाहेर आल्यावर त्याची वकीलबाई वैतागली होती. "हसता काय? तुमच्या शब्दापलीकडे आपल्याकडे काही नाही. भावाचा जबाब मागवा."

त्यानं फोन केला. दादा लगेच म्हणाला, "देतो की. डाव्या हाताचा अंगठा चालतो ना?"

मग वहिनीनं फोन घेतला. आवाज अगदी हळू होता.

"भावजी, तुमचं भलंच व्हावं. पण इथून निघालेला कागद कुणाकुणाच्या हातातून जाईल, सांगता येतं का? यांचा एकच हात उरलाय."

तो म्हणाला, "वहिनी, मी विचारलंच नाही असं समजा."

जबाब येणार नाही हे ऐकून वकीलबाईनं कपाळाला हात लावला.

पुढच्या मुलाखतीत अधिकारी बाईनं नेमकं तेच विचारलं. "भावाचा जबाब का नाही?"

"मी मागितला तर तो देईल," तो म्हणाला. "म्हणूनच मागत नाही."

बाईनं पेन खाली ठेवलं. मग पहिल्यापासून सगळं पुन्हा विचारलं: चढ कुठला, दार कसं उघडतं, पोरं काय बोलली. एक पोरगा चप्पल शोधत मागे राहिला होता, त्याला ओढून बाहेर काढावं लागलं, हे सांगताना गमत्याला रडू कोसळलं. दुभाषीही थांबला.

अर्ज मंजूर झाला. वकीलबाई खूश होती. यानं विचारलं, "आता दादा-वहिनीला आणता येईल?"

"बायको-मुलं असती तर आणता आली असती. भाऊ कुटुंबात धरत नाहीत."

"धरत नाहीत?"

"कायद्यात नाही."

घराचा जिना चढता चढताच त्यानं दादाला फोन लावला. "काम झालं."

"बरं झालं," दादा म्हणाला. "आता सारखा फोन करू नकोस. इथं फोन ऐकतात."

फोन ठेवला, तरी तो जिन्यातच उभा राहिला. वरून कोणीतरी सामान घेऊन येत होतं, त्यांना वाट द्यायचंही त्याला सुचलं नाही.